अकरावी-बारावीच्या मुलांचे स्वतंत्र संशोधन प्रकल्प : विषय, वेळ आणि मार्गदर्शन यांविषयी विचारणा (नाशिक)

वर्गशिक्षिका, नाशिकरोड (प्रश्न)

नमस्कार. नाशिकरोड भागातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवते. आमच्याकडे कला, वाणिज्य आणि विज्ञान अशा तिन्ही शाखा आहेत. यंदा अकरावीतील काही मुलामुलींनी अभ्यासक्रमाबाहेरचे, स्वतःच्या आवडीच्या विषयावरचे संशोधन करण्याची इच्छा दाखवली आहे. प्रयोगशाळा आणि ग्रंथालय वापरू द्यायला प्राचार्य तयार आहेत. मात्र या कामाला वेगळी तासिका मिळणार नाही आणि त्याचे गुणही कोठे धरले जाणार नाहीत.

पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा या विषयाच्या प्रकल्पवह्या आपण सर्वांनीच तपासल्या किंवा लिहिल्या असतील. मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवलेला मजकूर, चिकटवलेली चित्रे, स्केचपेनने आखलेली किनार आणि सबमिशनच्या आदल्या दिवशी सह्यांसाठी लागलेली रांग, एवढेच त्यातून हाती लागते. मला ते पुन्हा करायचे नाही.

सध्या माझ्यासमोर तीन विषय आले आहेत. विज्ञान शाखेतील दोघी मैत्रिणींना 'गोदावरीचे प्रदूषण' घ्यायचे आहे, वाणिज्यच्या एका मुलाला 'कांद्याचे भाव', तर कला शाखेच्या एका विद्यार्थिनीला 'नाशिकचा प्राचीन इतिहास'. हे विषय आवाक्याबाहेरचे आहेत हे मला कळते, पण लहान करायला सांगितले की मुले हिरमुसतात. विषय आवाक्यात कसा आणावा, शिक्षकाने त्यात किती हात घालावा, क्लासच्या वेळापत्रकातून वेळ कसा काढावा आणि शेवटी हे काम कोणी व कशावरून जोखावे, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

निवृत्त प्राध्यापक (रसायनशास्त्र), गंगापूर रोड

मॅडम, मुले हिरमुसतात याचे कारण बहुधा असे असावे की आपण त्यांना विषय लहान करायला सांगतो, पण त्या लहान विषयात पाहण्यासारखे किती आहे ते दाखवत नाही. आपल्या दोन्ही विद्यार्थिनींपुरते बोलतो, कारण पाण्याचे काम मी आयुष्यभर केले आहे.

'गोदावरीचे प्रदूषण' या विषयाला उत्तर नाही, कारण त्यात प्रश्नच नाही. त्याऐवजी त्यांनी असे विचारावे : सोमेश्वरच्या धबधब्याखाली, होळकर पुलाजवळ आणि तपोवनाच्या पुढे, सकाळी ठरावीक वेळी घेतलेल्या नदीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन किती असतो, आणि दिवाळीपासून जानेवारीपर्यंत तो कसा बदलतो? राज्यशास्त्रापासून जीवशास्त्रापर्यंत बाकी सगळे याच प्रश्नाच्या पोटातून हळूहळू बाहेर येईल, ते आधीच शीर्षकात कोंबण्याची गरज नाही.

पद्धत विंकलरची, म्हणजे अनुमापनाची (माहितीच्या तीव्रतेचे द्रावण थेंबाथेंबाने सोडून पदार्थाचे प्रमाण काढण्याची). बारावीत पोटॅशियम परमँगनेटचे अनुमापन मुले करतातच, त्यामुळे ब्युरेट हातात धरण्याची सवय थोड्या सरावाने होते. ३०० मिलीलिटरची काचेची बाटली पाण्याखाली धरून तुडुंब भरायची आणि बूच लावताना आत हवेचा एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घातले की तपकिरी साका बसतो. साका पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नाही, हे नदीकाठी उभ्या उभ्याच कळते. ऑक्सिजन असा जागच्या जागी बांधला गेला की बाटली सावलीत ठेवून काही तासांनी प्रयोगशाळेत अनुमापन करता येते. सल्फ्युरिक आम्लाने साका विरघळवायचा, सोडियम थायोसल्फेट थेंबाथेंबाने सोडायचे, फिकट पिवळा रंग आला की स्टार्च घालायचा आणि निळा रंग नाहीसा होईल तिथे थांबायचे.

आता यात संशोधन कोठे आहे? मिळालेल्या आकड्यावर शंका घेण्यात आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार स्नानाच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम असावा आणि पाच दिवसांची जैवरासायनिक ऑक्सिजनची मागणी (पाण्यातील घाण कुजवताना जिवाणू वापरतात तो ऑक्सिजन) ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी. मुलींना एके दिवशी ७ मिळाले तर पाणी चांगले म्हणायचे का? पाणी तापले की त्यात ऑक्सिजन कमी मावतो : समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसला सुमारे ९.१, तर ३० अंशांना सुमारे ७.६ मिलिग्रॅम. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे हवेचा दाब कमी, म्हणून यातून आणखी सहा-सात टक्के वजा. तेव्हा प्रत्येक नमुन्याबरोबर पाण्याचे तापमान लिहिले नसेल तर आकड्याला अर्थ नाही. शेवाळ असलेल्या संथ पाण्यात दुपारी ऑक्सिजन चढतो आणि पहाटे तळाला जातो, म्हणून वेळ पाळली नसेल तर दोन दिवसांची तुलना करता येत नाही. पाणवेलींनी पात्र झाकलेले असेल तर उलटेच होते : त्यांची पाने ऑक्सिजन हवेत सोडतात आणि पाण्यावर सावली धरतात. शिवाय गंगापूर धरणातून आवर्तन (ठरावीक पाळीचे पाणी) सुटले की नदीचे सगळे गणित बदलते. ती तारीख वहीत हवीच. सोमेश्वरचा धबधबा पाण्यात हवा घुसळतो, तर तपोवनात महापालिकेचे मलजल शुद्धीकरण केंद्र आहे, म्हणजे जागाही विचार करूनच निवडायला हव्यात.

यातले काहीही मुलींना आधी सांगू नका. पहिल्या काही नमुन्यांचे आकडे वरखाली आले की त्या आपल्याकडे धावत येतील. त्या वेळी 'नमुना किती वाजता घेतला?' एवढेच विचारावे. मार्गदर्शकाने किती हात घालावा याचे माझ्यापुरते उत्तर हे आहे : प्रश्न विचारावेत, वही पाहावी, सुरक्षिततेबाबत मात्र हुकूमशहा व्हावे. नदीवर एकटीने जायचे नाही, पाणी वाढलेले असताना उतरायचे नाही, हातमोज्यांशिवाय नमुना घ्यायचा नाही.

हिशेबनीस, पिंपळगाव बसवंत

सरांनी पाण्याविषयी इतके सविस्तर लिहिले आहे की वाणिज्यच्या मुलाचा विषय मागे पडू नये म्हणून लिहितो. माझे काम व्यापाऱ्यांच्या खतावण्यांचे, त्यामुळे कांद्याच्या आकड्यांशी रोजचा संबंध.

त्या मुलाला प्रयोगशाळा लागणार नाही, कारण त्याची सामग्री आयती प्रसिद्ध होते. राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समितीनिहाय रोजची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर क्विंटलमध्ये मिळतात. 'कांद्याचे भाव का पडतात' हा प्रश्न दिल्लीतल्या तज्ज्ञांनाही सुटलेला नाही, तो सतरा वर्षांच्या मुलाच्या गळ्यात घालू नये. मात्र ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि ४ मे २०२४ रोजी ती अटींसह खुली केली, या दोन तारखांच्या आगेमागे लासलगाव आणि पिंपळगावच्या सर्वसाधारण दरात काय झाले, हे त्याला स्वतः काढता येईल.

पहिल्याच दिवशी त्याला वाटेल की उत्तर मिळाले : बंदी आली, भाव कोसळले. तिथे त्याला थांबवावे. डिसेंबरात खरिपाचा लाल कांदा बाजारात येत असतो आणि आवक वाढली की भाव बंदीशिवायही उतरतात. म्हणून आधीच्या चार-पाच वर्षांतले तेच पंधरवडे शेजारी मांडायला हवेत. लाल कांदा टिकत नाही, उन्हाळ कांदा चाळीत महिनोन्‌महिने ठेवता येतो, तेव्हा डिसेंबरचा दर आणि मेचा दर एका मापाने मोजणे चूक. बंदीनंतर जिल्ह्यात काही ठिकाणी लिलावही बंद पडले होते. त्या दिवसांच्या रकान्यात शून्य लिहायचे की रकाना रिकामा ठेवायचा, हाही विचार करण्याजोगा भाग आहे, कारण शून्य लिहिले तर सरासरी बिघडते. वर्तमानपत्रे बहुधा कमाल दर छापतात, तो एखाद्याच ट्रॅक्टरला मिळालेला असतो. मुलाने सर्वसाधारण दरच घ्यावा.

जमल्यास एकदा सकाळी त्याला लिलावात उभे करावे. बोली कशी वाढते ते पाहिल्याशिवाय 'सर्वसाधारण' कशाला म्हणतात ते डोक्यात शिरत नाही.

ग्रंथपाल, जुने नाशिक

'नाशिकचा प्राचीन इतिहास' घेणाऱ्या विद्यार्थिनीला पांडवलेण्यांकडे पाठवावे, पण लेण्यांची माहिती लिहायला नव्हे. त्रिरश्मी डोंगरावरील या लेण्यांपैकी दहाव्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा एक लेख आहे. त्यात त्याने ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) दान दिल्याची नोंद आहे. त्यांपैकी २,००० गोवर्धनातील एका विणकर श्रेणीकडे (व्यावसायिकांच्या संघाकडे) दरमहा शेकडा १ या व्याजाने आणि १,००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे शेकडा पाऊण या व्याजाने ठेवले आहेत. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासात (पावसाळ्यातील मुक्कामात) राहणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे आहेत. विद्यार्थिनीला कागद घेऊन गुणाकार करू द्यावा : २,००० वर दरमहा २०, वर्षाचे २४०, भागिले २० भिक्षू, बरोबर १२. पाटीवर मांडलेल्या हिशेबासारखा हा लेख जुळतो, आणि तो जुळताना पाहिला की मुलीला इतिहास पाठांतराचा विषय वाटणार नाही.

त्याच लेण्याच्या आवारात आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातील लेख आहे. तिथेही ठेवी श्रेणींकडेच आहेत, पण त्या आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी, आणि श्रेणींत कुंभार व तेली आहेत. तेव्हा प्रश्न असा होऊ शकतो : पांडवलेण्यांतील लेखांत श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवी कोणी, कोणाकडे आणि कोणत्या कामासाठी ठेवल्या? उत्तरासाठी प्राकृत येण्याची गरज नाही. सेनार यांनी 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात हे लेख अनुवादासह प्रसिद्ध केले आहेत आणि मिराशींनी त्यांवर मराठीतून लिहिले आहे. दोन अभ्यासकांचा अर्थ जिथे वेगळा पडेल तिथे तिने खूण करावी. तिच्या निबंधाचा सर्वांत मोलाचा भाग तोच असेल.

ग्रंथालयांबाबत : सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे आणि जुना संदर्भ तिथे आधी पाहावा. १८८३ चे नाशिक जिल्ह्याचे गॅझेटिअर अवश्य चाळावे, मात्र त्यातील मते त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांची आहेत हे लक्षात ठेवावे. क्षत्रप-सातवाहनांच्या नाण्यांची शंका निघाली तर अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. महाविद्यालयाच्या पत्राने आधी विचारणा करावी. मुले आपणहून पत्र लिहायला कचरतात, पण पत्राचा मसुदा त्यांनीच करावा आणि आपण केवळ सही करावी.

पालक, सिडको

सर्वांचे लिखाण वाचले आणि कौतुकही वाटले, पण एक बाजू कोणी मांडलेली नाही. माझा मुलगा बारावीला आहे. सकाळी सहाला क्लास, मग कॉलेज, संध्याकाळी टेस्ट सिरीज, रविवारी पेपर. अभियांत्रिकी आणि वैद्यकीयचे प्रवेश सीईटी, जेईई, नीटच्या गुणांवर होतात. गोदावरीच्या ऑक्सिजनला तिथे कोणी विचारत नाही. मुलांच्या आवडीला आमचा विरोध नाही, पण मार्क गेले तर जबाबदारी कोण घेणार?

दुसरे असे की 'संशोधन' हा शब्द उच्चारला की लगेच विक्रेते उभे राहतात. परदेशी प्रवेशाचे मार्गदर्शन करणाऱ्या एका कार्यालयात आम्हाला, दोन महिन्यांत मुलाच्या नावावर शोधनिबंध छापून देतो, असे सांगण्यात आले. विषय त्यांचा, लिखाण त्यांचे, नाव माझ्या मुलाचे आणि रक्कम वर्षभराच्या क्लासच्या फीपेक्षा जास्त. आपल्या महाविद्यालयातील हौशी उपक्रमाला असे वळण लागू नये, ही काळजी आहे.

संशोधक विद्यार्थिनी, पुणे (मूळची निफाडची)

पालकांचा मुद्दा रास्त आहे आणि त्याला बगल देऊ नये. बारावीच्या वर्षात हे काम मुळीच धरू नये. अकरावीत दिवाळीच्या सुट्टीला सुरुवात करून जानेवारीअखेर संपवता येईल एवढाच आवाका ठेवावा, आणि ज्याला झेपत नाही त्याने मध्येच सोडले तरी त्याला कोणी दोष देऊ नये. प्रवेशात याचा थेट उपयोग नाही हेही मुलांना पहिल्याच बैठकीत सांगावे. गुणांच्या आशेने आलेले लगेच गळतील आणि उरलेल्यांबरोबर काम करणे सोपे जाईल. पुढे मात्र उपयोग होतो. चार वर्षांच्या पदवीत संशोधनासह ऑनर्स घ्यायचे असेल, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण आणि चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्प करावा लागतो. माझ्याबरोबरच्या अनेकांनी तेव्हा पहिल्यांदा स्वतःचा प्रश्न लिहिला आणि त्यातच त्यांचे निम्मे सत्र गेले.

काम जोखायचे कसे, यासाठी ब्रिटनमधील पद्धत पाहण्याजोगी आहे. तिथे सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी 'एक्स्टेंडेड प्रोजेक्ट' नावाची स्वतंत्र पात्रता आहे. तिच्यासाठी १२० तासांचे काम धरतात, लेखी प्रबंध साधारण ५,००० शब्दांचा असतो आणि तिचे वजन अर्ध्या ए-लेव्हलइतके मानतात. विशेष म्हणजे गुण केवळ प्रबंधाला नसतात. नियोजन, संदर्भांचा वापर आणि शेवटी स्वतःच्या कामाकडे मागे वळून पाहणे यांनाही असतात, आणि त्यासाठी विद्यार्थ्याला सुरुवातीपासून कामाची नोंद ठेवावी लागते. इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएटमध्येही ४,००० शब्दांपर्यंतचा निबंध असतो आणि शेवटी मार्गदर्शकाशी तोंडी चर्चा होते. आपल्याकडे १२० तास काढणे अशक्य आहे, त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात भागवावे. पण नोंदवही आणि तोंडी परीक्षा या दोन गोष्टी तेवढ्या उचलाव्यात.

नोंदवही बांधीव, पाने क्रमांकित, पेनने लिहिलेली. खोडायचे असेल तर एक रेघ मारून, खाली काय होते ते वाचता येईल असे. नीटनेटकी, पुन्हा उतरवून काढलेली वही स्वीकारूच नये. जर्नल सुवाच्य करण्याची सवय मुलांना इतकी लागलेली असते की पहिले काही आठवडे हे सांगत राहावे लागेल. हल्ली अहवाल एआयकडून पाच मिनिटांत लिहून मिळतो, त्यामुळे अहवालाच्या भाषेवरून काहीच ठरवता येत नाही. तोंडी परीक्षेला मार्गदर्शक नसलेल्या कोणी तरी वहीचे कोणतेही पान उघडावे आणि 'हा आकडा इथे का वेगळा आला?' असे विचारावे. ज्याने काम केले आहे तो त्या दिवशीचा पाऊससुद्धा सांगतो. वर पालकांनी ज्यांचा उल्लेख केला, त्या विकत मिळणाऱ्या शोधनिबंधांचा बंदोबस्तही यानेच होतो.

एक सावधगिरी. कोणाला प्रश्नावली घेऊन लोकांकडे जायचे असेल, तर माहिती देणाऱ्याची संमती आधी घ्यावी आणि तो अल्पवयीन असेल तर पालकांचीही. पुढे आयरिससारख्या राष्ट्रीय विज्ञान मेळ्यातून अमेरिकेतील आंतरराष्ट्रीय मेळ्यापर्यंत जाण्याची इच्छा असेल, तर माणसांवरील अभ्यासाला काम सुरू करण्यापूर्वी समितीची मंजुरी लागते. नंतर मिळवलेली चालत नाही. अंजनेरी किंवा नांदूर मध्यमेश्वरला जाणाऱ्यांनीही वनविभागाच्या परवानगीशिवाय पान तोडू नये. नांदूर मध्यमेश्वर रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, तिथे दुर्बिणीने पक्षी मोजण्याचे काम मात्र अकरावीच्या मुलांनी जरूर करावे.

वर्गशिक्षिका, नाशिकरोड

सर्वांचे मनापासून आभार. आज मुलांना प्रश्न पुन्हा लिहून आणायला सांगितले. वाणिज्यच्या मुलाने दोन तारखा आणि दोन बाजार समित्या एवढ्यावर विषय आणला आहे. कला शाखेची विद्यार्थिनी रविवारी वडिलांबरोबर पांडवलेण्यांवर जाणार आहे. पालकांची काळजी लक्षात घेऊन आधी घरची लेखी संमती घेते आणि चाचणी परीक्षेच्या आठवड्यात काम बंद ठेवते. तोंडी परीक्षेसाठी शेजारच्या महाविद्यालयातील एका शिक्षकांना विचारले आहे, त्यांनी होकार दिला.

सर, एक शंका आहे. पुस्तकात विंकलरच्या आयोडाइड द्रावणात सोडियम अझाईड घालायला सांगितले आहे. ते विषारी आहे, तर अकरावीच्या मुलींच्या हातात द्यावे का? त्याशिवाय भागेल का?

निवृत्त प्राध्यापक (रसायनशास्त्र), गंगापूर रोड

मुलींच्या हातात कोरडे अझाईड देऊ नये. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात नायट्राइट असते आणि ते आयोडाइडमधून जादा आयोडीन मोकळे करते, म्हणून ऑक्सिजन खोटा वाढलेला दिसतो. ते टाळण्यासाठी अझाईड घालतात. सोमेश्वरला त्यावाचून चालेल, तपोवनाच्या पुढे चालणार नाही, आणि तुलना करायची तर सगळीकडे एकच पद्धत हवी. तेव्हा द्रावण आपण स्वतः किंवा प्रयोगशाळा सहायकांनी करून कुलपात ठेवावे. नदीवर नेताना मुलींबरोबर मोठे माणूस असावे, द्रावण पिपेटने तोंडाने न ओढता रबरी फुग्याने घ्यावे. आम्ल मात्र नदीवर नेऊच नये, ते प्रयोगशाळेतच आणि पंख्याखाली नव्हे तर उघड्या खिडकीपाशी किंवा धूरपेटीत घालावे. उरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतू नये. नळ तांब्या-शिशाचे असतील तर अझाईड त्यांच्याशी स्फोटक संयुगे करते. वेगळ्या बाटलीत साठवून विल्हेवाटीचे महाविद्यालयात विचारावे.

हे सगळे जड वाटत असेल तर ऑक्सिजन मीटर वापरावा. आमच्याकडे एक जुना पडून आहे, तो देतो. पण दर वेळी निघण्यापूर्वी, हवा घुसळून संपृक्त केलेल्या नळाच्या पाण्याचे तापमान मोजून मीटर बरोबर आकडा दाखवतो की नाही, हे मुलींनी आधी तपासावे आणि तो आकडाही वहीत लिहावा.